तळघराचा उलटा उतार

आदरणीय चंपतमामांना रोशनीचा सविनय जयभीम.

तुमच्या गुडघ्याचे काय झाले ते कळवा. आमच्याकडे वास सोडला तर सगळे ठीक आहे.

तुम्ही कळमेश्वरहून पाठवलेल्या लहानूकाकांनी मार्चमध्ये तळघराची फरशी फोडून जुना फुटका पाइप काढला आणि नवा टाकला. काम देखणे होते. (बाबा शेजाऱ्यांना बोलावून फरशी दाखवत होते.) आठवड्याने तळघरात राहणाऱ्या आत्याने तिथल्या मोरीत बादलीभर पाणी ओतले. ते गेले, आणि संध्याकाळी तिच्या पलंगाखालून परत आले, मागच्या गल्लीतल्या अख्ख्या गडर लाइनचे सांडपाणी सोबत घेऊन. तेव्हापासून आत्याचा पलंग विटांवर आहे आणि ती पाहुण्यांना चपला घालूनच आत या म्हणते.

बाबांनी लहानूकाकांना गल्लीत सगळ्यांदेखत विचारले की तीस वर्षांत चढ कोणता आणि उतार कोणता एवढे तरी कळले का. (तुमचाही उल्लेख झाला, तो लिहीत नाही.) लहानूकाका एवढेच म्हणाले, "कागदात होतं तसंच केलं म्या." थापी उचलून ते निघून गेले. समोरच्या दोन घरांनी त्यांना सांगितलेले काम रद्द केले. आता ते वाडीच्या गोदामात पोती उचलतात असे ऐकते.

रविवारी मी, पाइप गल्लीतल्या ज्या चेंबरला मिळतो त्याचे तोंड बंद करून, फरशी पुन्हा उघडवली आणि लेव्हल ट्यूब लावली. उतार साठास एक, अगदी अचूक. फक्त चेंबर दक्षिणेला आहे आणि उतार उत्तरेला. बाबा म्हणाले, बघ.

आपली,
रोशनी

ता. क. नकाशा माझा होता. काकांना वाचता यावा म्हणून मी तो मराठीत काढला आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढून त्यावर 'उ' लिहिले. त्यांनी ते 'उतार' असे वाचले. त्यांनी मला फोनही केला होता. "ताई, हा बाण बरोबर हाय ना? मले उलटा वाटून राहिला." मी मोबाइलवर होकायंत्र पाहिले आणि बाण बरोबर आहे, कागदाबाहेर जाऊ नका, असे सांगितले. (उत्तर खरोखरच तिकडे आहे.)

आणखी एक. काका माझा फोन उचलत नाहीत. तुम्ही वाडीला जाऊन वरचा मजकूर त्यांना वाचून दाखवा. बाबा म्हणतात, तू इंजिनियर आहेस, बाहेर बोलू नको. म्हणून पोस्टात टाकण्याआधी हे पत्र मी समोरच्या दोन्ही घरांत वाचून आले. तेही त्यांना सांगा, आणि या म्हणा. फरशी उघडीच ठेवली आहे.