माझा गुलाब, त्यांच्या बंगल्यात

११ ऑगस्ट ७४
मोहोळहून परत. धाकटीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. पिशवी खाली टेकवायच्या आधी गच्चीवर गेले. सासूबाईंनी झाडांच्या सगळ्या डब्यांना नेमानं पाणी घातलंय. पण मी बी पेरून वाढवलेल्या गुलाबाच्या चांगल्या जाड फांद्या गायब. मोडलेल्या नाहीत. तिरका, स्वच्छ काप.
ह्यांना विचारलं. "कीड लागली होती की. मीच छाटल्या."
लग्नापासून ह्यांनी तुळशीचं पान खुडलेलं मी पाहिलं नाही.

१२ ऑगस्ट
फांद्या टाकल्या कुठं, असं विचारलं. "खाली टाकल्या. गाईनं खाल्ल्या."
गुलाबाच्या काटेरी फांद्या. गाईनं.

१३ ऑक्टो.
रविवार. पोस्टमास्तरांच्या अंगणात गुलाबवाल्यांची बैठक. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही, आणि आम्हालाही बरंच आहे. कुणी सांगोल्याहून लेंडीखत आणलेलं, त्याची वाटणी. कुणी चहाचा चोथा घालतो, कुणी म्हणतो त्यानं मुंग्या होतात. भांडण, मग चहा. बायकांत मी एकटीच, पण तिथं मला कुणी "अमक्यांच्या मिसेस" म्हणत नाही. सुशीलाबाई म्हणतात.
पो.मा. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाकी आपण सगळे विकतची कलमं लावणारे. घरी परागीकरण करून, बी पेरून नवा गुलाब जन्माला घातला तो ह्यांनीच. यंदा आपल्या मंडळाच्या प्रदर्शनात आणाच." पहिलं फूल उमललं तेव्हा ते आमच्या भवानी पेठेतला तो अरुंद जिना चढून बघायला आले होते. हळदीवर कुंकू सांडल्यासारखा रंग. त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावला होता.
दिवसभर छान वाटत होतं.

१५ डिसें.
छाटणीनंतर सगळी झाडं कळ्यांनी भरली. तेवढंच एक रुसलंय. भर वाढीत असताना कुणी कापतं का? दोन कळ्या आल्या, त्याही आंधळ्या, उमलल्याच नाहीत. यंदा प्रदर्शन नाही. पो.मा.ना सांगितलं. "पुढच्या वर्षी," म्हणाले.

१६ जाने. ७५
सगळं नीट लिहिते.
मिलच्या साहेबांच्या बंगल्यावर हळदीकुंकू. हे त्यांच्याच ऑफिसात, टेंपररी, म्हणून जाणं भाग. बायकांची रांग व्हरांड्यातून बागेकडं. आणि तिथं वाफ्यात तो. माझा. एक नाही, अख्खी ओळ. तीच हळद, तेच कुंकू, बाहेरच्या पाकळीला तीच मुरड. वास घेतला. आपलं मूल दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या कपड्यांत…
बाईसाहेब मागून आल्या. "आवडला? नवीन आहे. आमच्या माळ्यानं जंगली गुलाबावर डोळे भरून कलमं केलीत. तुमच्या मिस्टरांनीच फांद्या आणून दिल्या होत्या ना कुठून तरी!"
कुठून तरी.
"तुम्हालाही बागेची आवड आहे म्हणे. एखादं कलम देईन हं तुम्हाला."
मी म्हणाले, "द्या." वाण घेतलं. घरी आले.

१७ जाने.
ह्यांना बोलले. म्हणाले, "साहेबांच्या बाईला गुलाबाचा नाद. त्यांनी सहज विचारलं, कुठं नवीन मिळतो का म्हणून. दिल्या चार काड्या. झाड हाय की अजून तुझं."
"मला विचारलं का नाही?"
"तू दिल्या असत्या का?"
नसत्या दिल्या. म्हणूनच मी माहेरी असताना.
सासूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. ह्या घरात माझ्याबाबतीत कन्नडमधलं तेवढं एकच वाक्य वापरतात.

९ फेब्रु.
प्रदर्शन. गेले. जायला नको होतं. न जाऊन कसं चालेल.
पहिला नंबर बाईसाहेबांच्या गुलाबाला. नवीन जात म्हणून वेगळा मान. पुढं पाटी, त्यावर गुलाबाचं नाव: 'सुनंदा'. बाईसाहेबांचं नाव सुनंदा. मी त्याला अजून नाव दिलं नव्हतं. घाई कसली, म्हणत होते.
पो.मा. परीक्षकांत. त्यांनी तो हातात घेऊन न्याहाळला. चष्मा काढला नाही, पुसला नाही. मी समोर उभी होते. माझ्याकडं बघितलं आणि शेजारच्या टेबलाकडं वळले.

११ फेब्रु.
पो.मा.च्या घरी गेले, एकटी. म्हटलं, "काका, तुम्ही पाहिला होता. तुम्ही एक शब्द बोला."
ते सुपारी कातरत म्हणाले, "सुशीलाबाई, सारख्या रंगाचे गुलाब असतात. मला आता नक्की आठवत नाही."
"तुम्हाला आठवत नाही?"
"प्रदर्शनाला हॉल साहेबांनी दिला. पुढच्या वर्षीही तेच देणार. मंडळ चालवायचं असतं हो." मग हळूच, "तुमच्या मिस्टरांचाही विचार करा."
त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी घेतला नाही. पहिल्यांदाच.

२८ फेब्रु.
हे परमनंट झाले. पेढे. सासूबाईंनी डोळे पुसले. किती वर्षं वाट पाहिली सगळ्यांनी, मीसुद्धा. आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं. झाला, तोच तर त्रास.
हे हसत म्हणाले, "बघ, तुझ्याच फुलानं झालं की!"
म्हणजे ठाऊक आहे. कुणाचं ते.
मग परत, "गच्चीवर तुझं फूल बघायला कोण येत होतं गं? तिथं निदान चार माणसं बघतात."
पेढा हातात तसाच राहिला.

९ मार्च
बैठकीला गेले नाही. हाही रविवार तसाच गेला. झाडांना पाणी घातलं, त्यालाही. त्यानं काय केलंय.

१३ मार्च
आज हे ऑफिसातून लवकर. पुण्याचा कुणी नर्सरीवाला 'सुनंदा'ची कलमं करून विकायला तयार आहे. पण नव्या गुलाबाचे आईबाप कोण, कोणत्या दोन जातींपासून केला, ते त्याला हवंय. बाईसाहेबांना कसं ठाऊक असणार? माळ्यालाही नाही. साहेबांनी ह्यांना बोलावून विचारलं.
"तेवढी दोन नावं सांग. चिठ्ठीवर लिहून दे, मी नेतो."
मी भाकरी थापत होते. थापत राहिले.
"अगं, माझी नवी जागा हाय."
म्हटलं, "सांगते. पण चिठ्ठीवर नाही. बाईसाहेबांना इथं येऊ दे. गच्चीवर, झाडापाशी. तोंडानं सांगते."
"त्या कशाला येतील हितं?"
"पो.मा. आले होते."
हे उठून दारापर्यंत गेले, परत आले. ह्या माणसाला मी घाबरवू शकते, हे मला आजच कळलं. बरं वाटलं नाही. थोडं वाटलं.

१५ मार्च
उद्या सकाळी येणार. खरंच. निरोप आला.
घरात लगीनघाई. हे सकाळपासून जिना झाडतायत, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या, नव्या कपबश्या. सासूबाई विचारतात, बाई आपल्या हातचं खाईल का.
काय सांगेन? खरी नावं? खोटी? की विचारेन, बाई, तुम्हाला ठाऊक होतं का? त्यांना खरंच ठाऊक नसलं तर मग माझा राग कुणावर… त्याचं उत्तर घरातच आहे.
दुपारी हे गच्चीवर आले. उन्हात उभे. म्हणाले, "एक सुचवू? ते झाड तेवढं उद्यापुरतं शेजारच्या गच्चीवर ठेवू या. समोर दिसलं तर उगाच ओशाळतील. नावं तू खाली बसूनही सांगू शकतेस की."
मी वही उघडून बसले.
त्यांनी डबा उचलायला घेतला. मातीनं भरलेला, आज सकाळीच पाणी घातलेला. एकट्याला हलेना. "सुशे, एका बाजूनं धर की."
मी सावलीत बसून हे लिहितेय. ते तिथंच उभे आहेत, डब्याच्या कडेवर एक हात ठेवून, माझ्याकडं बघत.