आईने निवडलेला पेनड्राईव्ह

प्रिय भाऊ,

आज आईने आणि मी मिळून एक पेनड्राईव्ह विकत घेतला. एवढ्यासाठी कुणी वारलेल्या बापाला पत्र लिहितं का? पण त्या बोटभर वस्तूपायी आमची अख्खी सकाळ गेली, आईचा अबोला सुटला, आणि या सगळ्याला कारण तुम्हीच. मग सांगू दुसऱ्या कुणाला?

झालं असं, की चैत्रातली जत्रा जवळ आली म्हणून कमिटीची माणसं घरी आली होती. "रंजाताई, भाऊंबिगर घाट मुका झालाय. शर्यती चालू व्हायच्या आधी त्यांचा आवाज लावायचा आमी ठरवलंय. तेवढी रेकॉर्डिंग द्या." आई आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. बैलगाडा सुटला की शर्यतीच्या घाटावरून माईकवर पुकारणारा तुमचा आवाज कुसगावच्या आपल्या ओट्यापर्यंत यायचा, आठवतंय ना? जन्मात ती कधी शर्यत बघायला आली नाही. "बघायचं काय त्यात? ऐकू येतंय की हितं," म्हणायची आणि भोंग्याच्या दिशेला तोंड करून बसायची.

तुमची रेकॉर्डिंग म्हणजे तो एकच पेनड्राईव्ह! शेवटच्या जत्रेनंतर साऊंडवाल्याने दिलेला. तुम्ही तो सदऱ्याच्या खिशात घालून गावभर मिरवलात. भेटेल त्याला काढून दाखवायचात, "ह्यात मी हाय!" पण लावला कुठेच नाही. मी म्हटलं, भाऊ, ऐकूया तरी. तर म्हणालात, "ऐकायचंय काय त्यात? मी हितं बसलोय की."

आणि बसल्या जागी तुम्ही कधी गप्प होता? शर्यतींवर बंदी आली तेव्हा घाट बंद पडला, तुमचं तोंड थोडंच बंद पडलं! मग चुलीपुढे सुरू. "पयली भाकर मैदानात आली! तव्यावर पडली! पापुद्रा सुटला, फुगली, फुगली, आन् मालकीणबाईंनी निशाण टाकलं!" आई उलथनं उगारायची. "गप बसा की जरा, मला कायतरी सांगायचंय." तुम्ही तेही माईकवर घ्यायचात, "मालकीणबाईंना कायतरी सांगायचंय, मंडळी!" हसता हसता ती काय सांगायचं तेच विसरून जायची.

असो. कमिटीची माणसं गेल्यावर आईने कपाटातून तुमचा पेनड्राईव्ह आणला. मी लॅपटॉपला लावला. काहीच नाही. काढला, फुंकला, पुन्हा लावला. तरी नाही. मग उजेडात धरला तर त्याच्या तोंडात लालभडक काहीतरी गच्च बसलेलं!

"खंडेनवमीला पुजला व्हता," आई म्हणाली.

तुम्ही श्रावणात गेलात आणि पाठोपाठ दसरा आला, भाऊ. खंडेनवमीला तिने पाटावर कोयता मांडला, विळा मांडला, खुरपं मांडलं, आणि तुमचं हत्यार म्हणून पेनड्राईव्ह! बरोबरच आहे की, तुम्ही आयुष्यभर दुसरं चालवलंत काय? पाणी शिंपडलं, गंध लावलं, हळदीकुंकू वाहिलं. तेही हात आखडता न घेता, चांगलं चिमूटभर.

मला हसू आलं होतं, पण आईकडे पाहिलं आणि ते जिरलं. "मीच मारला गं त्यांचा आवाज," ती म्हणाली, "कुंकू लावून मारला." त्यानंतर ती जी गप्प झाली, ती झालीच. तळेगावला परतल्यावर मी रोज फोन करत होते, तर नुसतं व्हय आणि न्हाई. भाऊ, तुम्ही गेलात तेव्हाही ती इतकी गप्प नव्हती. तेव्हा निदान तुमच्यावर चिडायची तरी.

मी ऑफिसातून आल्यावर ऑनलाइन नवे पेनड्राईव्ह शोधत बसायचे. म्हटलं, जुना दुरुस्त झालाच तर आवाज उतरवायला चांगला नवा हाताशी हवा. वेग किती, टिकतो किती, कोणाला किती चांदण्या! एकाने पेनड्राईव्हला एकच चांदणी दिली होती, कारण रंग फोटोतल्यापेक्षा फिका निघाला. शेवटी एक पातळ, चकचकीत, स्टीलचा पसंत केला आणि आईला फोनवर सांगितलं. तेव्हा कुठे ती एक सबंध वाक्य बोलली. "न बघता घ्यायचा? कांदं तरी घेतीस का गं न बघता?"

म्हणून आज स्कूटरवर मागे बसवून तिला लोणावळ्याच्या बाजारात नेलं. हो, रविवारी! माहितेय, रविवारी लोणावळ्यात पाऊल टाकायचं नाही हा तुमचा नियम. पण मला सुट्टी त्याच दिवशी असते, काय करू? निम्मी मुंबई चिक्की घ्यायला उतरली होती.

कॉम्प्युटरचा दुकानदार जवळच्याच उर्से गावचा निघाला. भिंग लावून त्याने तुमचा पेनड्राईव्ह पाहिला आणि विचारलं, "ताई, ह्याची पूजा घातली का काय?" आई फरशीकडे बघायला लागली. मी कमिटीचं आणि खंडेनवमीचं सांगितलं. वाटलं, आता हा हसणार. तर म्हणतो, "आमी बी कॉम्प्युटरला हार घालतो की. फकस्त गंध बाहीरनं लावायचं काकी, तोंडात न्हाई."

मग बारीक ब्रश, कसलंसं औषध, पुन्हा ब्रश. काचेच्या काउंटरवर कुंकवाची रांगोळी पडली. त्याने पेनड्राईव्ह लावला. आईने माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतल्या मला. पहिल्यांदा नाही उघडला. त्याने पुन्हा पुसला, पुन्हा लावला, आणि काय सांगू भाऊ!

"सुटला, सुटला, सुटला! घोडी पुढं, बैलं मागं, आन् मालकाचं काळीज त्याच्याबी मागं! भिर्रर्र..."

दुकानाचे स्पीकर फुल होते. मुंबईच्या एका पाहुण्याच्या हातातला चिक्कीचा बॉक्सच पडला. रस्त्यावरून जाणारे कोण दोघे आपल्याकडचेच असावेत, त्यांनी टोप्या उडवून "भिर्रर्र" केलं आणि निघून गेले. आणि आई? ती स्टुलावरून उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "अगं बया, किती वरडतंय हे माणूस!" म्हणाली आणि हसायला लागली. डोळे वाहतायत आणि हसतेय. मीही तशीच. दुकानदाराने स्वतःच्या खिशातला रुमाल पुढे केला, तो आम्ही दोघींनी वापरला.

बैलांची नावं ऐकताना मात्र तिने तोंड वाकडं केलं. "समद्या तालुक्याची बैलं पाठ. माजं नाव कदी आलं का तोंडात?" याचं उत्तर तुम्ही द्या, मी मध्ये पडत नाही.

"जुन्याचा भरवसा धरू नका," दुकानदार म्हणाला. "आज उघडला, उद्याचं सांगता येत न्हाई. नव्यात घेऊन ठिवा." मी म्हटलं, लॅपटॉपमध्ये ठेवते. आई म्हणे, तो तुझ्या ऑफिसचा, उद्या साहेबाने मागितला तर? मग निवड सुरू झाली. माझा स्टीलचा तिने एका फटक्यात बाद केला, का, तर त्याला झाकण नाही. "ह्याचं तोंड उघडंच की!" नखाएवढा एक होता, त्यावर म्हणाली, "ह्यो तर मी तांदळातला खडा म्हणून निवडून फेकीन." किल्लीसारखा होता, तो किल्ल्यांत हरवेल म्हणून नको. शेवटी जाडजूड, काळा, झाकणाचा आणि दोरा ओवायला भोक असलेला पसंत पडला. हातात वजन करून पाहिला तिने, भाऊ, वांगं पाहावं तसा!

"ह्यात सोळा जीबी घ्या," दुकानदार म्हणाला. "भाऊंचं बोलणं अर्ध्या तासाचं. कमिटीलाबी असलाच द्या, त्यांच्या जुन्या मशीनला मोठा चालायचा न्हाई."

"कमिटीला ल्हान दे. मला मोठा."

"काकी, चौसष्ट जीबीच्यात भाऊ पार कोपऱ्यात पडतील. बाकी समदी जागा मोकळीच ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे मोकळी. मोठाच दे."

मी समजावलं, गरज नाही. दुकानदाराने समजावलं, स्वतः विकणारा असून. ऐकेल ती आई कसली! घेतला.

परत येताना कुसगावच्या वळणावर मागून आवाज आला. "रंजे, त्या मोकळ्या जागंत माणसाचं बोलणं भरता येतं का? कुणाचंबी?"

"येतं की. कुणाचं भरायचंय?"

"माजं. त्यांनी जल्मभर बोलून घेतलं, मला कदी मधी घुसू दिलं न्हाई. आता त्यांच्या शेजारी बसून मी बोलणार. बघू कसं मधी बोलतात!"

मी गाडी कडेला घेतली. हसू आवरेना आणि पुढचं नीट दिसेना, अशाने चालवू कशी?

घरी आल्यावर ती ओट्यावर बसली. मी फोन तिच्यापुढे धरला, बटण दाबलं. आणि वावराच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारणारी बाई गपगार! मी म्हटलं, राहू दे आई, उद्या करू. तिने हातानेच मला थांबवलं. घसा साफ केला. मग अगदी हळू, तुम्ही घाटावरून आल्यावर विचारायची तशी म्हणाली, "अवो, जेवलात का?"

एवढंच. मी तेवढंच उतरवून ठेवलंय.

भाऊ, शब्द देते, दर रविवारी येऊन तिच्यापुढे बसेन. ती बोलेल ते सगळं भरेन, भांडेल तेही भरेन, एक अक्षर कापणार नाही. आजच्या प्रश्नापुढे थोडी जागा मोकळी सोडली आहे. आईचं बोलणं कितीही वाढलं तरी ती भरू देणार नाही, ती तुमच्या उत्तराची.

तुमची,
रंजी