दाराजवळची खुर्ची

प्रिय घुम्या,

तुला तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि चिरंजीव म्हणावं तर तुझ्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस. म्हणून नुसतं प्रिय लिहितो, वरचा मानपान तूच मनातल्या मनात जोडून घे. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी कंबर कशी आहे? (लांब दांड्याचा झाडू आण, वाकून केस झाडू नकोस, असं मी वर्षानुवर्षं सांगतोय, पण तू कोणाचं ऐकशील तर शपथ.) तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तारच ती! नवा कारागीर पहिल्या तारखेपासून येतो म्हणतोय, तुमची दाराजवळची खुर्ची त्याला देऊ की ठेवू, एवढं लिहून खाली सही. ताई कशी आहे, गाव कसं आहे, काही चौकशी नाही. म्हणून तर अख्खं सलून तुला घुम्या म्हणतं. इतकी वर्षं तुझ्या वाटचंही मीच बोलत आलो, आता गिऱ्हाइकांशी कोण बोलतं देव जाणे.

खुर्चीचं सांगतो, पण आधी इथलं ऐक. आम्ही आलो ते तुझ्या ताईच्या छातीसाठी, हे तुला ठाऊक आहेच. दुकानावरच्या आपल्या खोलीत हवा यायची ती बसच्या धुरातून गाळून यायची, आणि डॉक्टरांनी तर हात जोडले की यांना मोकळ्या हवेत न्या. इथे हवा भरपूर. हवेशिवाय दुसरं काही नाही, ही गोष्ट वेगळी. दोन खोल्या, मागे अंगण, पुढे रस्ता, आणि त्या रस्त्यावरून काहीतरी जाईल या आशेनं बसलेला मी. सुरुवातीला तर जेवताना मला माझाच जबडा ऐकू यायला लागला. मी घाबरून दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. तुझी ताई म्हणाली, अहो, तो पहिल्यापासून वाजतोय, तिकडे हॉर्नमध्ये कळायचं नाही. शेजारीपाजारी माणसं चांगली आहेत. इतकी चांगली की मी केव्हा उठलो हे मला उठायच्या आधी त्यांना कळतं.

पण माझं दुखणं निराळंच निघालं. मला बोलता येत नाही! हसू नकोस. किराणा दुकानापुढे एक बाक आहे, संध्याकाळी गावातली रिकामी मंडळी तिथे जमतात. पहिल्याच दिवशी निवृत्त पोस्टमन माझ्यासमोर बसले, थेट माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, काय, कसं वाटतंय आमचं गाव? आणि माझी वाचाच बसली. समोरून बघणाऱ्या माणसाशी बोलायचं, हे मी जन्मात केलेलं नाही रे. आपलं कसं, माणूस पुढे, आपण मागे, आणि नजरानजर व्हायची ती आरशात. मी 'हवा चांगली आहे' एवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना, म्हणून सहज उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. काय सांगू, नळ सुटावा तसा बोलायला लागलो! पण त्यांना पडला प्रश्न की हा माणूस पाठीमागे का गेला. ते माझ्याकडे वळले की मी पुन्हा त्यांच्या मागे, ते पुन्हा वळायचे, मी पुन्हा मागे. अशा आमच्या बाकाभोवती प्रदक्षिणा चालल्या असताना त्यांची मान लचकली. मग मी मान चोळून दिली (आपला हात तुला माहीत आहे), तर ते बसल्या बसल्या घोरायला लागले. किराणावाल्याला वाटलं, मी म्हाताऱ्याला काहीतरी केलं. गावात माझी ही अशी एन्ट्री झाली.

त्यावर कडी म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. दुधाच्या रांगेत त्या माझ्यापुढे उभ्या होत्या. अंबाडा, मान ताठ, समोर डेअरीच्या खिडकीची काच. आता काच समोर, डोकं पुढे आणि मी मागे, म्हटल्यावर माझे हात माझ्या ताब्यात राहतात का? मी बोलता बोलता दोन बोटं त्यांच्या डोक्याला लावली आणि म्हटलं, जरा खाली. गंमत अशी की त्यांनी डोकं खाली केलं! अख्ख्या शाळेला माना खाली घालायला लावणारी बाई मुकाट्यानं मान खाली घालून उभी राहिली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून दूध तुझी ताई आणते.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. घरातलं नेता येत नाही. घुम्या, तुझी ताई आणि मी जेवायला समोरासमोर बसतो आणि आम्हाला शब्द सापडत नाही. मीठ दे, घे, भात वाढू, नको, संपलं. तिकडे मी दिवसभर बोलून रिकामा होऊन वर यायचो, त्यामुळे घरी बोलायचं असतं हे कधी लक्षातच आलं नाही. निदान तिचा खोकला तरी असायचा. इथे आल्यावर तोही गेला. तिला बरं वाटतंय, गालांवर रंग आलाय, अंगणात गुणगुणत कपडे वाळत घालते, ते बघून माझा जीव सुपाएवढा होतो. आणि लगेच वाटतं, हिला इथून हलवणं पाप आहे आणि मला इथे ठेवणं शिक्षा आहे.

तेव्हा मी ठरवलंय. खुर्ची कोणाला देऊ नकोस. मी पहिल्या तारखेच्या आत येतो. आठवडाभर दुकानावरच्या खोलीत राहीन, सुट्टीला इकडे येत जाईन. ताईला यातलं अक्षर कळवू नकोस, मी योग्य वेळ बघून सांगेन. (योग्य वेळ बहुधा एसटीत बसल्यावर येईल.)

तुझा,
भाऊजी

ता. क. पाकिटाला डिंक लावायला घेतला, तेवढ्यात तुझी ताई स्टूल घेऊन आली आणि कपाटाच्या आरशापुढे माझ्याकडे पाठ करून बसली. म्हणाली, टोकं फाटलीत, दोन बोटं कापून द्या. साऱ्या जगाचे केस कापले, हिचे कधी कापले नव्हते. तिनं कधी म्हटलं नाही, मला कधी सुचलं नाही. मी मागे उभा राहिलो, तिचं डोकं जरा खाली केलं, तर आरशात माझ्याकडे बघून म्हणते, "मग, कधी निघताय?" माझ्या हातातला कंगवा पडला. तुला कोणी सांगितलं, म्हटलं. "रोज सकाळी कात्रीला धार लावता, ती काय भाजी चिरायला? तुमचा पांढरा कोट इस्त्री करून ठेवलाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, तुम्ही वर यायचात तेच हात वर करून, की आता कोणी बोलू नका. मला वाटलं यांना शांतताच आवडते, म्हणून राखून ठेवलं. आणि म्हणाली, "खालून दुकानातला तुमचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत. पण सगळे हसले की मीही वर एकटी हसायचे. इथे तो आवाज नाही." घुम्या, मला आरशात नीट दिसेना. मग ती जी बोलायला लागली! मीही बोललो. कात्री थांबली की गिऱ्हाईक उठतं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून मी कात्री थांबवली नाही. दोन बोटं सांगितली होती. वेणी कमरेपर्यंत होती, ती आता मानेशी आली आहे.

ता. क. २. तेव्हा नव्या कारागिराला दुसरी खुर्ची आण. दाराजवळची माझी खुर्ची टेम्पोत घालून इकडे पाठव, आणि कोपऱ्याला तडा गेलेला आरसाही. अंगणात मांडतो. पोस्टमननी मानेसाठी आत्ताच नंबर लावलाय. वर 'ताईला कळवू नकोस' असं लिहिलंय, ते वाचलंच नाहीस असं समज.

ता. क. ३ (ताईच्या हातचं). अरे, पाकीट मी चिकटवतेय, म्हणून सगळं वाचलं. मी बरी आहे. केस काय, वाढतील. खुर्ची लवकर पाठव, पण तिच्यात पहिले हे बसणार आहेत आणि मागे मी उभी राहणार आहे. माझं अजून निम्मंसुद्धा सांगून झालेलं नाही, आणि कात्रीला धार यांनीच लावून ठेवलीय.