दात उमटलेली भाकर

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

तुला प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही सगळे मजेत आहोत. तूही बरी असशील, आणि तुझा गुडघा तुझ्यासारखाच हट्टी असेल, असं धरून चालते. हॉस्टेलच्या मुलींच्या परीक्षा सुरू झाल्या असतील. म्हणजे मुली झोपा काढत असणार आणि तू काळजीने जागी असणार.

तुझं पत्र मिळालं. 'उत्तर ताबडतोब' या शब्दांखाली तू एवढ्या जोरात रेघ मारलीस की कागद फाटलाय. तरी उशीर झालाच. का झाला ते सांगते, पण आधी घरची खबरबात ऐक.

भोपळा चालायला लागला. बाळाला आम्ही भोपळाच म्हणतो, पाहशील तेव्हा का ते कळेल. चालतो म्हणजे काय, पडतो, उठतो आणि हाताला लागेल ते ओढतो. थोरल्याला गणिताची गोडी लागलीय. ती माझ्याकडून आलेली नाही, हे तुला सांगायला नको. मधल्या चिमणीचा पुढचा दात पडला आणि त्या खिंडीतून ती शिट्टी वाजवते, प्रार्थना चालू असतानासुद्धा. आणि ज्यांना तू पत्रात नेहमी 'तुझा तो मेकॅनिक' म्हणतेस, ते आता बसडेपोत हेड मेकॅनिक झालेत. हातांचं ग्रीस मात्र अजून निघत नाही.

एवढं लिहिलं आणि भोपळ्याने पिठाचा डबा उपडा केला. तो पांढरा, फरशी पांढरी, मीही पांढरी. सगळं आवरून पुन्हा बसलेय. कागदावर पीठ दिसलं तर रागावू नकोस.

आता मुद्द्यावर येते.

तू लिहिलंस की हॉस्टेलची स्वतःची शाळा सुरू होतेय आणि मोठ्या बाईंची जागा तू माझ्यासाठी धरून ठेवलीयस. राहायला खोली आहे, मुलांना तिथल्या बाया सांभाळतील, नवरा सुट्टीत येऊन भेटेल. सगळं ठरवूनच टाकलंस, बाई! लग्नाआधी मुलांच्या सभेत मी गोष्ट सांगायला उभी राहिले की टाचणी पडली तरी ऐकू यायची, ते तू विसरली नाहीस. 'देवाने तुला वाणी दिली आणि तू ती चुलीत घातलीस,' असं लिहिलंस. आणि शेवटी, 'या वेळी नाही म्हणालीस तर तुझं-माझं बोलणं संपलं.'

तू बोललीस की करतेस. म्हणून घाबरले. मला आई आठवतच नाही, ताई. मला आठवतेस ती तूच. तू बोलायची बंद झालीस तर मी पोरकी होईन.

आणि खरं सांगू? मोह झाला मला. पत्र वाचलं त्याच दुपारी केस नीट बांधले, आरशापुढे उभी राहिले आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला लागले, अगदी सभेतल्या आवाजात. अंगावर काटा आला. वाटलं, ही मी! ही कुठे गेली होती इतके दिवस? वळून पाहते तर थोरला आणि चिमणी उंबऱ्यावर बसून ऐकतायत आणि भोपळा त्यांच्या मांडीवर अंगठा चोखतोय. थोरला म्हणाला, "थांबलीस का? मेंढरू सापडलं की नाही?"

यांना पत्र दाखवलं. आधी थट्टा केली. म्हणाले, "तू गेलीस तर मी रांधीन, पण खाणाऱ्यांच्या जिवाची हमी माझ्याकडे मागू नकोस." मग हातांचं ग्रीस पुसायला घेतलं. म्हणाले, "तुला जायचं असेल तर जा. मी बदली मागतो, नाहीतर दुसरं काम बघतो. पण माझ्यासाठी थांबलीस असं आयुष्यभर ऐकवायचं नाही." तर माझे पाय कोणी बांधलेले नाहीत, ताई. हे तुला कळायला हवं.

मी प्रार्थना करत होते. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, एकच विचारत होते, प्रभू, मी कुठे हवी आहे तुला? उत्तर काही येईना. तेवढ्यात पाळकबाई घसरून पडल्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर भाजायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या मंडळीत अजून घरी भाजलेला गोल पावच असतो.

मला केवढा आनंद झाला! निदान एवढी तरी सेवा, म्हटलं. शनिवारी संध्याकाळी पीठ मळताना मुलांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. चिमणी दारातून विचारत राहिली, "मला देशील?" मी म्हटलं, "ती येशूची भाकर आहे, आपली नाही." पाव असा फुगला, असा सोनेरी झाला की तूसुद्धा नाव ठेवायला जागा शोधत बसली असतीस. निवायला टेबलावर ठेवला, इस्त्रीचा कपडा झाकला.

रविवारी सकाळी नेहमीचा गोंधळ. एकाचा मोजा सापडेना, दुसऱ्याचं नाक गळतंय. पाव कपड्यासकट उचलला आणि तसाच नेऊन चर्चच्या टेबलावर ठेवला. उघडून पाहिला नाही.

पाळकसाहेबांनी प्रार्थना करून कपडा बाजूला केला. आणि थांबले.

पावाचा एका बाजूचा लचका तोडलेला. नीट गोल, दातांच्या खुणांसकट. आणि मधल्या एका दाताची जागा रिकामी! अख्ख्या मंडळीला कळलं तो घास कोणाचा. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्याकडे मोठं होऊन, विश्वासाची कबुली देऊन दृढीकरण झाल्याशिवाय मुलांना प्रभुभोजन नाही, आणि इथे माझ्याच कार्टीने पाळकांच्या आधी हात मारलेला.

पाळकसाहेबांनी भाकर उचलून सगळ्यांना दाखवली. म्हणाले, "आपल्याआधी कोणीतरी जेवून गेलंय. भुकेलेलं होतं, एवढं नक्की." आणि ज्या बाजूला दात उमटले होते, तिथूनच त्यांनी ती मोडली. मी माझा तुकडा घेतला आणि रडले. लाजेने म्हणून सुरुवात झाली, पण लाज संपली तरी रडू थांबेना.

घरी आल्यावर चिमणीला समोर उभी केली. "मी काय सांगितलं होतं?"

"येशूची आहे."

"मग?"

"तूच तर सांगतेस, येशू सगळ्यांना जेवायला बोलावतो. आणि वास तर आपल्या घरचा येत होता."

दटावलं, चर्चचं चर्चमध्येच घ्यायचं म्हणून समजावलं. तिने मान डोलावली आणि शिट्टी वाजवली. पण दिवसभर तेच डोक्यात. मी तिला सांगितलं की ती भाकर आपली नाही. तिला मात्र ही दोन टेबलं वेगळी वाटलीच नाहीत. पीठ तेच, ओट्याशी उभी असलेली आई तीच. आणि मी वेडी, शनिवारचं मळणं देवाचं आणि बाकीच्या दिवसांचं मळणं वाया, असं धरून बसले होते! प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा त्याने काय केलं, आठव. किनाऱ्यावर विस्तव पेटवला, मासे भाजले आणि दमलेल्या माणसांना न्याहारीला हाक मारली. एवढा मोठा विजय मिळवला आणि रांधायला बसला!

म्हणून ताई, माझं उत्तर 'नाही' असं आहे. मी येत नाही.

बाईने घरातच राहावं असं मी म्हणत नाही हं. तू घरात राहिली असतीस तर तुझ्या त्या मुली कुठे गेल्या असत्या? शेजारची नर्स ड्यूटीला जाते, तिच्या हाताला देवाने गुण दिलाय. मी फक्त माझं सांगतेय. मला जिथे बोलावणं आलंय ते हे घर आहे. गोष्टीही सांगते आहे. उंबऱ्यावर तीन श्रोते असतात, त्यातला एक अंगठा चोखतो. मेंढरू सापडल्याशिवाय ते मला उठू देत नाहीत.

एवढंच लिहायला इतका वेळ लागला नसता. उशीर झाला तो तुझ्या पत्रातल्या एका ओळीमुळे. तिच्याकडे मी सारखी वळत होते आणि पत्र मिटवत होते. तू लिहिलंस, 'आई गेल्यावर मी उमेदीची वर्षं रांधण्या-धुण्यात वाया घालवली. तू तरी घालवू नकोस.'

ताई, ती वर्षं म्हणजे मी.

तुझं ट्रेनिंग राहिलं, मला माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस, पण मला माहीत आहे. तू मला पुढ्यात बसवून वेणी घालायचीस. पहिला पेड पिता, दुसरा पुत्र, तिसरा पवित्र आत्मा, असं म्हणत विणायचीस, आणि मी हलले की डोक्यात टपली. देव आहे हे मला कुठल्या सभेत कळलं नाही. तुझ्या गुडघ्यांमध्ये बसून, केस ओढले जात असताना कळलं. आज चिमणीची वेणी मी तशीच घालते. तीही हलते. तीही टपली खाते.

तुला बोलणं बंद करायचं असेल तर कर. मी करणार नाही. दर आठवड्याला पत्र येईल, फाडून टाकलंस तरी येईल. पण त्याआधी एकदा ये. परीक्षा संपल्या की गाडीत बस. तुझ्या त्या मेकॅनिकने तुझ्यासाठी खाली कॉट टाकून ठेवलीय, गुडघ्याला जिना नको म्हणून. पाळकबाईंचं प्लास्टर अजून निघालेलं नाही, पुढची भाकरही मीच भाजणार आहे. या वेळी पीठ तू मळ. चिमणीवर नजर मी ठेवते.

तुझ्या वाया गेलेल्या वर्षांत वाढलेली,
तुझी थोरली लेक,
धाकटी