पापनाशमचं कदिर

२२ डिसेंबर १९६३

दारावरचं कदिर आज खाली पडलं. झाडताना अम्माच्या केरसुणीचा दांडा लागला असणार. ती म्हणते, नाही, आपोआप पडलं. दाणा एकही उरलेला नाही, चिमण्यांनी कधीच संपवले. नुसता वाळका पेंढा आणि सुतळी.

अप्पांनी स्टूल आणून ते पुन्हा बांधलं. मी स्टूल धरून उभी होते.

ही जुडी दोन वर्षांची आहे. आमचं शेत पापनाशमजवळ होतं तोवर दर पोंगलआधी सांबशिव पहिल्या कापणीच्या लोंब्यांची जुडी घेऊन बसने यायचा. इथे तंजावुरात तिला कदिर म्हणतात, आम्ही मराठी घरांतले लोकही तेच म्हणतो. दारावर टांगायची, चिमण्यांनी खायची. वर्षभर घरात धान्य राहतं, असं अम्मा सांगते. मग नवे कायदे आले. सांबशिव आमचं कूळ होता. अप्पांनी शेत त्यालाच विकलं, राजीखुशीने. गेल्या पोंगलला कदिर आलं नाही. अप्पांनी जुनंच ठेवलं.

तेव्हापासून ते आणि सांबशिव भेटलेले नाहीत.

२४ डिसेंबर

पापनाशम. शेतीखात्याच्या मातीच्या नमुन्यांसाठी तीन गावं झाली. कोपऱ्यातून, मधून, बांधापासून दूर अशी ठिकठिकाणची माती घ्यायची, मिसळायची, चार भाग करून दोन टाकायचे. पुन्हा तेच, पिशवीभर उरेपर्यंत. हे काम मला आवडतं. कुठली मूठ कोणाच्या शेतातली, हे शेवटी उरत नाही.

बस सांबशिवच्या शेतावरून गेली. वरच्या बाजूच्या तुकड्यात भात पिवळं पडू लागलंय. मी उतरले नाही.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "तिकडे कसं आहे?"

"चुना थोडा कमी आहे. बाकी ठीक."

त्यांनी ताक ओतून घेतलं.

२८ डिसेंबर

संध्याकाळी वेंकटरावमामांच्या ओट्यावर आळीची बैठक. राजवाड्यामागच्या आमच्या आळीत आता शेत कोणाचंच राहिलेलं नाही. कोणी शाळेत, कोणी कचेरीत, मामा बँकेत. प्रत्येक घराने आपापल्या दारात पोंगल उतू जायला एकेकटं भांडं मांडायचं आणि तांदूळ रेशनचा, त्यात काय अर्थ! यंदा आळीचं एकच पोंगल करायचं ठरलं. रस्त्याच्या मधोमध एक मोठं भांडं, एक चूल, पोरींनी मिळून काढायची एक कोलमची रांगोळी आणि वर बांधायला एक कदिर.

"कदिर बाजारात मिळतात," मामा म्हणाले. "बस स्टँडजवळ ढीग असतो."

राजलक्ष्मी माझ्याकडे बघून म्हणाली, "आपल्याकडे शेतीखात्याची बाई असताना बाजार कशाला? मातीबरोबर वरचं पण आणेल की." ती शाळेत गणित शिकवते, आणि मला कोपरखळी मारायची एकही संधी सोडत नाही.

मी उत्तर द्यायच्या आत अप्पा बोलले.

"विकतचं कदिर दाराला बांधत नाहीत. मी आणतो. पापनाशमचं."

मग मामा म्हणाले, "बरं झालं, बाळकृष्णराव. तुमचं आलं म्हणजे आळीचं आलं."

येताना अप्पा नेहमीपेक्षा भरभर चालत होते.

२९ डिसेंबर

अप्पा म्हणाले, "तू त्या बाजूला जातेसच. सांबशिवच्या कानावर घाल. एक शब्द पुरे."

मी नाही म्हटलं.

"का?"

"मी सांगितलं तर तो देईल. त्याला नाही म्हणता येणार नाही. तो घेऊन येईल आणि पूर्वीसारखा ओट्याखाली उभा राहील. ते मला नको."

"मी काय त्याला खाली उभं करतो?"

"तो राहतो."

बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, सरकारी शेतावरून आणता येईल, परवानगी मिळेल.

"सरकारचं कदिर सरकारच्या दाराला," अप्पा म्हणाले.

आणि स्वतः जाऊन मागायचं तर तेही त्यांना जमत नाही. मागितलेलं कदिर म्हणजे वसुली, हे त्यांनाही कळतं. म्हणूनच तर माझ्या तोंडून हवं होतं. शब्द मात्र देऊन बसलेत, सगळ्या आळीसमोर.

१ जानेवारी १९६४

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. अम्मा दोघांच्या वाटणीचं बोलते.

३ जानेवारी

पुन्हा पापनाशम. आज थांबणं माझ्या हातात नव्हतं. शेषम्मा, सांबशिवची बायको, बांधावरून ओरडली, "मण्णम्मा!" त्या भागात मला हेच नाव पडलंय. मातीची बाई.

"अख्ख्या गावाची माती पिशवीत भरून नेतेस, आणि आमची? आमची काय राख आहे?"

मी सांगितलं, शेतं चिठ्ठ्या टाकून निवडतात, तुमची चिठ्ठी निघाली नाही.

"निघणार कशी? चिठ्ठ्या तंजावुरात टाकतात." मग ती हसली. मला बांधावर बसवलं, शहाळं दिलं. अम्माचे गुडघे विचारले, माझ्या लग्नाचं विचारलं. शेवटी अप्पांचं.

"अय्या का आले नाहीत गेल्या पोंगलला?"

मी उलट विचारलं, "तुम्ही का आला नाहीत?"

शेषम्माने पदराने मान पुसली. ती सांगत गेली ते असं: सांबशिवने कदिर बांधलं, नवी वेष्टी नेसला, बस स्टँडपर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, घेऊन गेलो तर वाटेल की अजून त्यांच्याच वतीने करतोय, कागदाला अर्थ नाही. नाही गेलो तर वाटेल, शेत मिळालं आणि विसरला. "मग आमच्याच दाराला बांधलं. बघायला बरं वाटेना. जसं दुसऱ्याच्या घरात राहायला आलोय."

"या वर्षी?"

"या वर्षी बस स्टँडपर्यंत पण जाणार नाही म्हणतो. मी बोलले तर अंगावर येतो."

वरच्या तुकड्याची कापणी येत्या रविवारनंतरच्या रविवारी, बारा तारखेला. पोंगलआधीची पहिली कापणी. कापणाऱ्या बायकांतल्या प्रत्येकीला संध्याकाळी एक जुडी मिळते, ही तिकडची जुनी रीत. मजुरी वेगळी, जुडी वेगळी. त्या दिवशी जी कापते तिच्या दाराला पहिलं कदिर.

"कापेल तिला? कोणालाही?"

"जी दिवसभर वाकेल तिला," शेषम्मा म्हणाली. "का, तुझं सरकार वाकणार आहे?"

बसमध्ये मी हाच विचार करत होते. मागून आणलेलं नाही, भेट नाही, मालकाचा हक्क नाही. तरी त्याच शेतातलं.

४ जानेवारी

जेवताना अप्पांना जे ऐकलं ते सगळं सांगितलं. सांबशिव बस स्टँडवरून परत आला ते, आणि कापणाऱ्याच्या जुडीचं. माझं मत जोडलं नाही.

सांबशिवचं ऐकताना त्यांचा हात थांबला. जुडीचं ऐकल्यावर मात्र म्हणाले, "मग? मी जाऊन विळा धरू? माझ्या शेतात?"

"त्यांच्या शेतात," मी म्हटलं.

ते ताटावरून उठले. अम्माने माझ्याकडे असं पाहिलं की मीही उठले.

८ जानेवारी

सारवायला शेण, रांगोळीचं पीठ, गूळ, सगळ्याची वाटणी झाली. आमच्याकडे कदिर. रोज कोणी ना कोणी अप्पांना विचारतं. ते म्हणतात, येईल.

राजलक्ष्मीने आज मला पाण्याच्या नळाशी गाठलं. या वेळी कोपरखळी नव्हती. "मामांनी बाजारातून एक आणून ठेवलंय. पोत्याखाली. तुझ्या अप्पांचं नाही आलं तर ऐन वेळी काढायचं म्हणतात. तू अप्पांना सांगू नको."

म्हणजे आळीने अप्पांचं येणार नाही, हे धरूनच ठेवलंय. दयेने. ते चौदा तारखेला पोत्याखालून निघेल आणि सगळे इकडेतिकडे बघतील. अप्पा त्याला नमस्कार करतील. करतीलच.

मला ते बघायचं नाही.

११ जानेवारी

अम्माला सांगितलं, उद्या पापनाशमला जायचंय.

"रविवारी सरकार माती खणतं?"

"कधीकधी."

तिने माझी जुनी सुती साडी काढून ठेवली, न विचारता. बरोबर दहीभाताचा डबा, जास्तीचा.

१२ जानेवारी

बोटं नीट वाकत नाहीत, तरी लिहिते.

पहिल्या बसने गेले. शेषम्मा आणि सात-आठ बायका बांधावर पदर खोचत होत्या. मी विळा मागितला. शेषम्माला वाटलं मी फोटो काढून घ्यायला आलेय.

"काम करायचंय," मी म्हटलं. "तुमच्या बरोबरीने. संध्याकाळी तुमच्यासारखीच जुडी हवी."

तिला कळलं. लगेच कळलं. तिने वळून सांबशिवकडे पाहिलं. तो खळ्यावर शेणाने सारवलेली जागा तपासत होता. तो आला, हात जोडायला लागला, "अम्मा, तुम्ही कशाला, मी जुडी देतो की..."

"दिलेली नको," मी म्हटलं. हे मला वाटलं त्यापेक्षा कोरडं निघालं. मग शेषम्मा नवऱ्याला म्हणाली, "मालक, कामाच्या वेळी बायकांत उभं राहू नये. जा." सगळ्या हसल्या. मालक! सांबशिव हसत हसत गेला. त्याला त्या शब्दाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

आधी पूजा. शेताच्या ईशान्येला एका विटेला हळदकुंकू, कापूर, नारळ. कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही, नुसतं "तायी", म्हणजे आई. सूर्याकडे तोंड करून शेषम्माने पहिली मूठ कापली आणि दुसरी मला कापायला लावली.

मला काही येत नव्हतं. मूठ फार वर धरत होते. शेजारची म्हातारी म्हणाली, "खाली, खाली. केस कापतेस की भात?" तासाभरात पाठ गेली. दुपारी डाव्या हाताचं बोट कापलं, फार नाही. शेषम्माने पानाचा रस पिळला आणि म्हणाली, "आता घरी जा, झालं तेवढं पुरे." मी गेले नाही. माझी रांग सगळ्यांत मागे आणि वाकडी. पण शेवटपर्यंत माझी मीच नेली.

दिवसभर मी काही मोजलं नाही. हे नंतर बसमध्ये लक्षात आलं.

संध्याकाळी सांबशिवने जुड्या वाटल्या. एकेकीचं नाव घेऊन, रांगेने. माझं नाव शेवटी. जुडी इतरांएवढीच, मोठी नाही. मी बघून घेतलं. तोही बघत होता मी बघतेय ते. द्यायला हात पुढे केला तेव्हा तो बांधावर होता आणि मी खाली चिखलात. आम्हा दोघांनाही ते कळलं आणि दोघेही जागचे हललो नाही.

मजुरीही दिली. घेतली.

घरी अप्पा ओट्यावर होते. त्यांनी आधी कदिर पाहिलं, मग साडी, मग बोट.

"कोणी दिलं?"

मी सांगितलं.

ते आत गेले.

१३ जानेवारी, भोगी

सकाळी अप्पा बोलले. भिंतीकडे बघून.

"बाळकृष्णरावांची मुलगी कुळाच्या शेतात कूलीला, मजुरीला गेली. बसभर लोकांनी पाहिलं असेल."

"हो. कंडक्टरने कदिराला खिडकीची जागा दिली."

अम्मा स्वयंपाकघरात खोकली. हसू दाबण्याचा तिचा खोकला मला माहीत आहे.

अप्पांनी दिवसभर कदिराला हात लावला नाही. ते तुळशीपाशी ओल्या फडक्यात आहे. रात्री दिवा घेऊन गेले, फडकं पुन्हा भिजवलं, आले. मी झोपलेय असं त्यांना वाटलं.

उद्या ते ओट्यावर येतील की नाही, माहीत नाही. मामांचं पोत्याखालचं तयार आहे.

१४ जानेवारी

भांडं उतू जायच्या जरा आधी अप्पा कदिर दोन्ही हातांत धरून बाहेर आले. वेंकटरावमामा पुढे झाले. "आलं! सांबशिवने पाठवलं ना? अजून मानतो म्हणायचा तुम्हाला."

"पाठवलेलं नाही," अप्पा म्हणाले. "आमच्या कमलाक्षीची मजुरी आहे. सांबशिवच्या शेतावरची."

मग तेच तमिळमध्ये, रस्त्यावर थांबलेल्या लोकांसाठी, जरा मोठ्याने.