स्थितप्रज्ञ नर्सबाई आणि काठीची होळी

प्रकाशा, २ मार्च १९३८

देवळात पोथी लागली आहे. बुवांनी संध्याकाळभर 'स्थितप्रज्ञ' समजावला. व्याख्या सैल. माझी नेमकी: राग, लोभ, आनंद, कशानेही ज्याची नाडी बदलत नाही तो. म्हणजे मीच. घरमालकीण जसोदाबाईंना तसं सांगितलं. त्या पदर तोंडाशी धरून हसल्या. पैज लागली: होळीपर्यंत माझं मन हललं, तर त्यांच्या भाच्याला होकार द्यायचा. भाचा म्हणजे भाईदास, आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर. पैज सुरक्षित आहे.

५ मार्च

पोथीतलं कासव पटलं. अवयव आत ओढायचे. भाईदास बोलू लागला की हात ॲप्रनच्या खिशात घालते. त्या वेळी नाडी जलद लागते. उन्हाळा.

९ मार्च

भाईदास म्हणाला, "कासवबाई, हात बाहेर काढा, पट्टी कोन बांधी?" मी शांत. आयोडिनची बाटली फुटली. हल्ली काच हलकी येते.

१३ मार्च

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला गर्दी फार, म्हणून मला आणि भाईदासला तिकडे जायचा दवाखान्याचा हुकूम. साक्षीला जसोदाबाईही गाडीत बसल्या. "तठे ढोल वाजी ना पोरी, तवय देखसू तुन्हं कासव!"

१६ मार्च, काठी

इथली नवस धरलेली माणसं दिवसेंदिवस अनवाणी राहतात, खाटेवर निजत नाहीत. कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसं. संयम उत्तम. ही मंडळी आज शांत उभी राहतील. मीही.

१७ मार्च, सकाळ

मंडळी रात्रभर नाचली.

माझ्याबद्दल वस्तुस्थिती अशी. शांतीबाई नावाच्या पावरा जमातीतल्या मुलीचा पाय मुरगळला. तपासायला मी बायकांच्या रांगेत शिरले. रांग एकमेकींच्या कमरेला धरून नाचते. हात आत ओढायला जागाच नसते. पाय हलले. मन नाही. शांतीबाई केव्हाच उठून शेव खायला गेली होती, हे मला पहाटे होळी पेटल्यावर कळलं. भाईदास ओरडत होता, "मावशी, कासव नाचनं वं, कासव नाचनं!"

१९ मार्च, प्रकाशा

जसोदाबाईंना समजावलं की नाचले ते पाय. त्यांनी ऐकून घेतलं, मग माझंच मनगट धरलं आणि भाईदासला हाक मारली. तो दारात आला.

"हाई का धडधडी ऱ्हायनं, पोरी?"

उन्हाळा, म्हटलं.

खात्रीसाठी भाईदासची नाडी पाहिली. माझ्याहून जलद. साखरपुडा रंगपंचमीला. हात परत खिशात घालायचा राहून गेला.