न बदललेलं पाणी

बेसा, नागपूर
२ जुलै २०२५

चि. अश्विन यास प्रेमिलाताईचे अनेक आशीर्वाद.

जहाजावरचा फोन दोन वाक्यांत तुटतो आणि बाबांना त्यातलं एकही ऐकू येत नाही. म्हणून तू सैनिकी शाळेत होतास तेव्हाची आपली पद्धत पुन्हा काढली. पत्राचा फोटो मेलवर टाकते. तुझं उत्तर दुकानात छापून आणीन आणि बाबांना वाचून दाखवीन.

बाबांना रामटेककडून इथे आणून महिना झाला. सातव्या मजल्यावर माणसं राहतात की पाखरं, असं रोज विचारतात. धानाची रोवणी सुरू झाली, शेतात, बांधीत कोण उभं आहे, हा घोर वेगळाच. पण अश्विन, त्यांच्या हृदयाची झडप फार खराब झाली आहे. डॉक्टर म्हणतात, पंधरा-वीस दिवसांत ऑपरेशन करा. बाबांचा एकच हेका, पोरगा आल्याशिवाय टेबलावर चढत नाही. मी रडले, तुझे भाऊजी ओरडले, पण ते हलत नाहीत. चौदा तारखेला ऑस्ट्रेलियात तुझ्या जागी दुसरा माणूस येईल आणि तू विमानात बसशील, असं तू म्हणाला होतास. त्यात एक दिवसही इकडेतिकडे होऊ देऊ नकोस. काय करायचं ते कर, पण ये.

जेवणाची आबाळ करू नकोस. सगळे वाटेकडे डोळे लावून आहोत.
तुझी ताई


जहाजावरून
१७ जुलै २०२५

ती. सौ. ताईस अश्विनचा सा. न. वि. वि.

मी निघालो नाही हे तुला कळलंच. आमचं जहाज इथे अडकवून ठेवलं आहे. माझा आणि कॅप्टनचा पासपोर्ट अधिकाऱ्यांकडे आहे, माझा फोनही. नाविकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या एक बाई जहाजावर येतात, त्यांच्या हाती हे देतो; तुझं उत्तरही त्याच आणून देतील. बाबांना वाचून दाखवू नकोस.

रिकामं जहाज फार डोलतं, म्हणून त्याच्या पोटातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. माल चढू लागला की ते सोडायचं. पण एका किनाऱ्याच्या पाण्यातून तिथली अंडी, बारीक जीव येतात, आणि दुसऱ्या किनाऱ्याला सुटले की तिथलं सगळं खाऊन वाढतात. म्हणून देशांनी मिळून नियम केला: पाणी यंत्रातून गाळून, त्यातले जीव मारून सोडायचं. यंत्र बिघडलं तर बंदराला कळवायचं आणि दूर खोल समुद्रात पाणी बदलायचं. प्रत्येक टाकीची नोंद वहीत करायची. ते काम चीफ ऑफिसरचं, म्हणजे माझं.

यंत्र वाटेतच बंद पडलं. समुद्र इतका खवळलेला की टाक्या उपसणं धोक्याचं होतं. उत्तरेला वळून शांत पाणी गाठायचं तर पाच दिवस जास्त लागले असते आणि चौदा तारीख हुकली असती. कॅप्टन तापानं पडून होते. मी कुणालाच कळवलं नाही. वहीत लिहिलं, पाणी बदललं. ताप उतरल्यावर त्यांनी विचारलं, झालं का? मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या भरवशावर पानावर सही केली.

तपासनीस आला तोवर दोन टाक्या बंदरात सोडून झाल्या होत्या. त्यानं पंपाच्या तासांचा काटा पाहिला. मी लिहिलेल्या दिवशी पंप फिरलेच नव्हते.

शेजारच्या खाडीत शिंपल्यांची शेती आहे. ते लोक रोज लहान बोटींतून येतात, दूर थांबतात, नुसतं पाहतात आणि जातात. ते पाणी आता परत आणता येत नाही, ताई.

कॅप्टनना अजून वाटतं की माझ्या हातून नजरचूक झाली. एकसष्ट वर्षांचे आहेत, ही त्यांची शेवटची फेरी.

बाबांना ऑपरेशनला तयार कर. मला क्षमा कर, जमलं तर.
अश्विन


बेसा, नागपूर
२१ जुलै २०२५

चि. अश्विन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. काय करायचं ते कर, असं मीच लिहिलं होतं ना. रोज तेच आठवतं.

बाबांना एवढंच सांगितलं की जहाज अडकलं आहे. पाय सुजले आहेत. आडवं झालं की दम लागतो, म्हणून उशीला टेकून बसूनच झोपतात. ऑपरेशनचं नाव काढलं की तोंड फिरवतात.

काल कंपनीच्या वकिलाचा फोन आला. कॅप्टनच्या सांगण्यावरून खोटी नोंद केली, असं तू लिहून दिलंस तर तू नुसता साक्षीदार ठरशील आणि आठ-दहा दिवसांत घरी येशील. कंपनीला एकच माणूस दोषी हवा आहे म्हणे, आणि निवृत्त होणारा असला तर बरं. हे बरोबर नाही, कळतं मला. तरी सांगते. त्या कॅप्टनला मी ओळखत नाही, माझ्यासमोर माझा बाप बसला आहे. लिहून दे गा. पाप लागलं तर मले लागू दे.

तुझी ताई


जहाजावरून
२५ जुलै २०२५

ती. सौ. ताईस सा. न.

लिहून दिलं. चार ऑगस्टचं तिकीट आहे.

कॅप्टन रोज सकाळी बाबांची तब्येत विचारतात. आजही विचारली. बरी आहे म्हणालो, आणि त्यांच्यासमोर बसून चहा प्यालो. दुसरं काही लिहवत नाही.

अश्विन


बेसा, नागपूर
१ ऑगस्ट २०२५

चि. अश्विन,

बाबा काल दुपारी गेले.

तू चारला निघतोस हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, जहाज एकदम सुटलं कसं? मला लपवता आलं नाही. तुझी पत्रं सगळी वाचून दाखवली. मग म्हणाले, “माह्यासाठी लिहिलं का त्यानं खोटं?” पाणी मागितलं, पण प्याले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “त्या कप्तानाची बी कोणी वाट पाहून राहिलं असन.” आणि मला म्हणाले, “मले टेबलावर घ्या. आता कोणाची वाट पाहाची नाही.”

एकोणतीसला ऑपरेशन झालं. शुद्ध आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. अग्नी मी दिला.

आलास तर तेरवीला पोचशील. दार उघडीन, काही विचारणार नाही. काय कर आणि काय नको, ते या वेळी लिहीत नाही. ते मी आधीच फार लिहिलं.

ताई


बंदरावरून
६ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मी विमानात बसलो नाही. तीन तारखेला अधिकाऱ्यांकडे जाऊन जबाब मागे घेतला आणि खरं काय ते सांगितलं. बाबांना आता त्याचा उपयोग नाही, हे मला कळतं.

मग कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “रोज मी तुझ्या बाबांची विचारपूस करायचो, तेव्हा तू हे लिहून दिलेलं होतंस का?” एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. जाताना दार लावून घे, म्हणाले.

काल त्यांना घरी पाठवलं. शिडीपाशी खानसाम्यापर्यंत सगळ्यांशी त्यांनी हात मिळवला. माझ्यापुढे हात केला नाही. मीही केला नाही.

मला किनाऱ्यावर एक खोली दिली आहे. सुनावणी सप्टेंबरात. तुरुंग होईल की दंड, माहीत नाही, पण जहाजावरची नोकरी गेलीच. तेरवीचं सगळं तूच कर. बांधीचंही तूच पाहा.

शिंपलेवाले दर आठवड्याला शिंपले वाढवायचे दोर पाण्यातून वर काढून तपासतात. काल त्यातल्या एकाला विचारायचं धाडस केलं. आमच्या जहाजाच्या पाण्यातलं काही इथे रुजलं की नाही, हे दोन वर्षांनी कळेल, म्हणाला. मग दोर पुन्हा खाली सोडला.

रागावली असलीस तरी लिहीत राहा. लोभ कमी झाला असेल, तर उरला असेल तेवढा असू दे.

तुझा
अश्विन